शुभम पास होईस्तोवर

त्या शनिवारी दुपारी दोनच्या आत मले एक कागद पायजे होता. 'संध्या ललित वानखडे आजपासून आमच्या दुकानातून मोकळी झाली', खाली सही, बाजूले शिक्का. बस, एवढंच. तो कागद सोमवारी सकाळी नऊ वाजता अमरावतीच्या दवाखान्यात टेबलावर ठेवला तं तिथल्या औषध विभागात मी रुजू. नाई ठेवला तं यादीतल्या दुसऱ्या नंबरच्या बाईले फोन जाणार. तिथल्या मॅडमनं मले साफ सांगतलं होतं, "ताई, दोनदा तारीख वाढवून दिली. तिसऱ्यांदा नाही जमणार." त्याईचं काही चुकलं नाई. चुकत होतं माहं, अन् एक-दोन नाई, अकरा वर्सं चुकून राहिलं होतं.

तुमाले वाटन, नोकरी सोडायले एवढं काय लागते? राजीनामा फेकला तोंडावर अन् निघालं. मेडिकलच्या दुकानात तसं नसते बाप्पा! दुकान मालकाचं असलं तरी ते चालते फार्मासिस्टच्या नावावर. भिंतीवर त्याचं सर्टिफिकेट पायजे, सरकारदरबारी त्याचं नाव पायजे, अन् एक नाव एकाच दुकानावर. ते नाव निघालं की दुसरा फार्मासिस्ट येईस्तोवर दुकानाले कुलूप. अन् जुन्या दुकानातून मोकळी झाल्याचा कागद नसला तं नव्या ठिकाणी कोणी उभं करत नाई. अकोल्यात खुशालरावकाकाजीच्या दुकानात भिंतीवर माहं नाव होतं. काकाजी बारावी शिकलेले. औषधं त्याईले तोंडपाठ, पण कागद नाई.

मी तेल्हाऱ्याकडची. बाप रोजमजुरी करे. आमच्या घरात फार्मसी शिकलेली मी पहिली. डिप्लोमा घेऊन अकोल्यात आली तवा सात दुकानं फिरली. सारेच म्हणत, "सर्टिफिकेट ठेवून जा, घरी आरामात बस, पैसे पोचते करू." म्हणजे कागद भाड्यानं पायजे, बाई नको. एकट्या काकाजीनं माह्यासमोर खुर्ची सरकवली अन् म्हणलं, "मले कागद टांगायचा नाई, माणूस पायजे. बसशीन काय काउंटरवर?" त्या दिवशी मी खुशीनं रडली होती. खोटं काहून बोलू? त्या माणसानं मले इज्जत देल्ली. अन् त्या इज्जतीपायीच माही जीभ लुळी पडली.

दोन वर्सांनी लग्न झालं. ललित अमरावतीले आयटीआयमध्ये शिकवते. मी काकाजीले म्हणलं, "आता जाऊ काय?" ते म्हणे, "यंदा आमच्या पोरीचं, रागिणीचं लग्न हाय, पुढच्या दिवाळीले जा." पुढच्या दिवाळीले मले दिवस गेलेले, ते म्हणे, "अशा हालतीत नवी जागा कायले?" वर्षाली झाली. मंग कोरोना आला. मंग त्याईच्या छातीत स्टेंट टाकले, तवा तं मीच विचारलं नाई. अन् त्याच्यानंतर जे सुरू झालं ते शुभमपुराण. शुभम म्हणजे काकाजीचा पोट्टा. तोही फार्मसीच करून राहिला होता. "शुभम पास झाला की त्याचं सर्टिफिकेट टांगतो अन् तुले साडीचोळी करून वाटे लावतो," काकाजी म्हणत.

मंग काय, मी शुभमच्या मांगं लागली. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की त्याले काउंटरमांगं बसवून शिकवे. पोट्टं मठ्ठ नव्हतं, आळशी होतं. त्याच्या परीक्षेच्या दिवशी मले जेवण जाये ना! दर निकालाले काकाजी मान हलवत, "दोन विषय राहिले." मंग दोन वर्सांपासून तो दुकानात येईनाच. पार्बताकाकू, म्हणजे काकाजीची बायको, म्हणे, "क्लास लावला." मंग म्हणे, "बाळापूरले मामाच्या दुकानात हातभार लावायले जाते." मी म्हणलं, असन. अन् इकडं वर्षाली तीन वर्साची झाली तवा शाळेसाठी तिले अमरावतीले आजीजवळ ठेवली. मी अकोल्यात एका खोलीत. शनिवारी संध्याकाळी जाये, सोमवारी पहाटे पोरगी झोपेत असताना निघे. असे चार वर्सं झाले.

या खेपेस मात्र मी राजीनामा लिहून देल्ला. महिन्याआधी. काकाजीनं तो घडी करून खिशात ठेवला अन् म्हणे, "पाहू." महिनाभर पाहू. त्या शनिवारी सकाळी दहाले दुकान उघडल्याबरोबर मी म्हणलं, "काकाजी, आज शेवटचा दिवस. कागद?"

"दुपारी पाहू."

"दुपारी मले गाडी हाय."

"अवं, गाड्या काय एकच हाय काय? पाहू म्हणलं ना."

डोकं असं भणकलं! पण समोर चार माणसं पर्च्या घेऊन उभे. मी औषधं काढून राहिली अन् डोळा घड्याळावर. साडेदहा. अकरा. काकाजी मुद्दाम खोके फोडत बसले होते. मी जवळ गेली की ते मोबाईल कानाले लावत. पलीकडे कोणीच नव्हतं, स्क्रीन काळी दिसे मले.

साडेअकराच्या सुमारास एक आजोबा आले. बाळापूरचे. मोठ्या दवाखान्यात दाखवायले आले होते अन् बीपीच्या गोळ्या घरीच राहिल्या. त्याईनं खिशातून पावती काढली, "माय, याच्यातली दे. मले नाव वाचता येत नाई."

मी गोळीचं नाव वाचलं. मंग सवयीनं खाली पायलं. खाली छापलं होतं, 'नोंदणीकृत फार्मासिस्ट : शुभम खुशालराव चोपडे', अन् पुढं नंबर.

तो नंबर पास झाल्याबिगर भेटत नाई. कोणाच्याच बापाले भेटत नाई.

"आजोबा, हे दुकान कवाचं हाय?"

"झाले की दोन वर्सं. पोट्टा लय गुणाचा हाय. सकाळची गोळी कोणती, रातची कोणती, पाकिटावर सूर्य अन् चांद काढून देते."

ते सूर्य अन् चांद मीच शिकवले होते त्याले! वाचता न येणाऱ्या माणसाले कसं समजवावं म्हणून. मी गोळ्या मोजून देल्ल्या. "ही पावती ठेवू काय?" मी विचारलं. ते म्हणे, "ठेव, मले कायले पायजे." मी ती घेऊन काकाजीसमोर गेली.

"काकाजी, शुभम कवा पास झाला?"

त्याईचा खोक्यातला हात थांबला. "कोण म्हणलं?"

मी पावती काउंटरवर ठेवली. त्याईनं ती वाचली नाई, पायजे तेवढं त्याईले दिसलं होतं. "हळू बोल," ते म्हणे, "गिऱ्हाईक हाय."

"असू द्या. मामाचं दुकान म्हणे! दोन विषय राहिले म्हणे! दोन वर्सं मी त्या दोन विषयाईसाठी उपास धरल्यासारखी बसली इथी."

"अवं, समजून घे. बाळापूरची जागा हातची जाऊन राहिली होती. बसस्टँडच्या मांगं, एवढी मोक्याची. तिथी बसवायले फार्मासिस्ट कुठून आणू? पोट्टा घरचा होता, बसवला."

"अन् इथी?"

"इथी तू तं होतीच."

असं म्हणले. सहज. जसं पंखा हाय, खुर्ची हाय, तशी संध्या हाय. मी म्हणलं, "माही पोरगी तीन वर्साची होती तवापासून तिकडं राहून राहिली, काकाजी. तिचे दुधाचे दात पडले ते मले फोनवर समजलं. तुमाले मालूम होतं सारं."

तवा काकाजीही तापले. "मी काय बांधून ठेवली होती तुले? दर खेपेस तूच विचारत आली, 'जाऊ काय, जाऊ काय'. विचारणाऱ्याले मी नकोच म्हणीन. दुकान माहं हाय, मी कायले म्हणू जा?"

खरं होतं ना! अकरा वर्सांत मी एकदाही 'जाऊन राहिली' म्हणलं नव्हतं. पण घड्याळात बारा वाजले होते, अन् रडायले टाइम नव्हता.

"आता विचारून नाई राहिली. सांगून राहिली. कागद द्या."

"आठ दिवस थांब. दुसरा फार्मासिस्ट पाहतो, मंग देतो."

"सोमवारी पायजे."

"मंग तुहं तू पाय. मी देत नाई." अन् त्याईनं गिऱ्हाईकाकडे तोंड केलं. "हे पाहा, ही दुकान बंद पाडून राहिली. सोमवारपासून इन्सुलिन दुसरीकडे शोधा."

समोर एक बाई इन्सुलिनसाठीच उभी होती. तिनं माह्याकडे असं पायलं जसं मी तिच्या घरात चोरी केली. त्या नजरेनं मी अजून एक वर्स थांबली असती, खरं सांगते. आधी असंच झालं होतं, कोणी ना कोणी पर्ची घेऊन उभं राहे अन् मी विरघळे. पण शिक्का माह्या हाताजवळ होता. अन् तो दिसला तवा डोक्यात उजेड पडला, की कागदावर सही काकाजीची लागतच नाई. दुकानाचा परवाना पार्बताकाकूच्या नावावर होता. अकरा वर्सं सारे कागद मी काकाजीच्या हाती देत होती, ते घरी नेत अन् काकूची सही घेऊन येत. मी मालकाले विचारून राहिली होती, अन् कागदावर मालक दुसरंच माणूस होतं.

मी बाईले इन्सुलिन देल्लं. कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या, शिक्का पर्समध्ये टाकला. "दहा मिनिटात येते. तवरोक औषध देऊ नका, फार्मासिस्ट दुकानात नाई," असं मोठ्यानं सांगतलं अन् उतरली.

घर दोन गल्ल्या मांगं. काकू अंगणात मेथी निवडून राहिली होती. मी पावती तिच्यासमोर धरली. काकूले वाचता येते, हळूहळू. तिनं वाचली अन् मेथीची जुडी खाली ठेवली.

"पेढे आणले होते वं," ती म्हणे. "तुह्या नावाचा डबा वेगळा काढला होता मी. याईनं म्हणलं, देऊ नको, समजलं तं निघून जाईन. मी चूप बसली."

"दोन वर्सं, काकू?"

"दोन वर्सं. तुले चहा देताना दर खेपेस मनात येये." तिनं पदरानं हात पुसले. "पण तूही कमी नाई, संध्या. तू दुकानात असताना वर्षालीचा पाळणा या घरात होता. मी तिले न्हाऊ घातलं, मी तिची दृष्ट काढली. ज्या दिवशी तू तिले तिकडं धाडली, त्या दिवशी मी याईले म्हणलं, पोरगी गेली म्हणजे आता ही चार दिवसात जाते. अन् तू सोमवारी दुकानात हजर! त्या दिवशी मले याईचा राग नाई आला. तुहा आला."

मले थोबाडीत बसल्यासारखं झालं. मी एवढंच म्हणलं, "सही करता काय?" अन् लगेच जीभ चावली. पुन्हा विचारणंच झालं. मी कागद तिच्या मांडीवर ठेवला. "सही करा, काकू."

तिनं पेन घेतला, अन् तेवढ्यात फाटक वाजलं. काकाजी. धापा टाकत, घामाघूम. दुकान बाजूच्या झेरॉक्सवाल्याच्या भरोशावर टाकून आले होते.

"पार्बता, सही करायची नाई."

काकूनं वर पायलं नाई. ती कागद वाचून राहिली होती, एक एक शब्द बोटानं. काकाजी जवळ आले अन् त्याईनं कागदाच्या कोपऱ्यावर हात ठेवला.

"दुकान बंद पडन. समजून राहिलं काय तुले? सोमवारी कुलूप."

"हात काढा," काकू म्हणे.

"माही छाती दुखून राहिली, पार्बता."

स्टेंटचा माणूस. माहे पाय आपोआप पुढं सरकले, जिभेखालची गोळी कुठी असते ते मले माहीत होतं, त्याईच्या शर्टाच्या डाव्या खिशात. काकूनं मले हातानं अडवलं. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पायलं, चांगलं निरखून, जसं बाई दूध नासलं काय ते पाहते. मंग म्हणे, "दुखते तवा तुमी बोलत नाई. बसता. हात काढा."

एक वाजायले आला होता. शेवटी काकाजीनं हात काढला, अन् ते पायरीवर बसले.

काकूले सही करायले वेळ लागते. अक्षर अक्षर जोडून लिहिते. तीन अक्षरं झाल्यावर ती थांबली, मले वाटलं आता फिरली. पण ती पेन झटकून राहिली होती, शाई येत नव्हती. माहा पेन देल्ला. तिनं पुरी सही केली, मी शिक्का मारला, घाईत तो तिरपाच उमटला.

"शुभमले फोन करा," काकू नवऱ्याले म्हणे. "सोमवारपासून त्याले इथी बसवा. बाळापूरचं काय करायचं ते करा. दुकान माह्या नावावर हाय म्हणता ना लोकाईले? मंग एक दिवस माह्या म्हणण्यानं चालू द्या."

काकाजी एकदम म्हातारे दिसून राहिले होते. मले त्याईची कीव आली, अन् कीव आली म्हणून स्वतःचा लय राग आला. मी दोघाईच्याही पाया पडली. काकूनं जवळ घेतलं. काकाजीनं डोक्यावर हात ठेवला, पण माह्याकडे पायलं नाई.

दोनपर्यंत मी काउंटरवर उभी राहिली. जे रांगेत होते त्या साऱ्याईले औषध देल्लं, पाकिटावर सूर्य-चांद काढून. मंग स्टूल घेऊन भिंतीवरचं सर्टिफिकेट उतरवलं. अडीचची गाडी भेटली. मूर्तिजापूर येईस्तोवर मी पर्समध्ये हात घालून तो कागद चाचपत होती, अन् बडनेऱ्याले मले झोप लागली.

घरी ललितनं कागद दोनदा वाचला. सासू, मनकर्णाबाई, म्हणे, "आली एकदाची." मी वर्षालीले मांडीवर घेतलं अन् सांगतलं, "आता मी इथीच. रोज." ती "बरं" म्हणली अन् सायकल घेऊन खाली गेली. मले जरासं लागलं. पण पोराईचं असंच असते, मी मनाले समजावलं. रविवार असाच गेला, कपडे लावण्यात.

सोमवारी सहाले उठून मी पोळ्या करत होती. माहा डबा, ललितचा डबा, पोरीचा डबा, तीन डबे पहिल्यांदा एका ओट्यावर. वर्षाली डोळे चोळत स्वयंपाकघराच्या दारात आली. मले पाहून जागीच थांबली. मंग पळत आत गेली अन् तिनं बापाले हलवायले सुरुवात केली.

"बाबा, उठा ना! आईची गाडी चुकली! तिले मोटरसायकलवर सोडून द्या लवकर, काकाजी रागावतीन!"

"नाई चुकली, बेटा," मी तव्यावरूनच म्हणलं. "मले आता जायचंच नाई."

तिले ते ऐकू आलं की नाई, देव जाणे. मी पोळी उतरवून बाहेर आली तं ती माही मोठी बॅग दोन्ही हातानं ओढत दारापाशी आणून राहिली होती.